घुमऱ्याच्या वळणावर

आमच्या घरात हाकेवरून भांडणं व्हायची. बाकीच्या घरांत पाण्याच्या पाळीवरून, जावाजावांवरून होतात, आमच्याकडे हाकेवरून. माझी गोदाआत्या, म्हणजे वडिलांची धाकटी बहीण, नवऱ्यानं टाकल्यापासून आमच्याकडेच होती. तिचं म्हणणं असं, की रानात, दऱ्यात, पाण्याकाठी कुणी नाव घेऊन हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसरीलाही नाही. तिसरी आली तर ती माणसाची, कारण जे माणूस नसतं त्याला तिसरी हाक मारता येत नाही. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. ते जंगल खात्यात गार्ड होते, गावाच्या तोंडी 'गारडसाहेब'. आत्याचं हे सुरू झालं की ते भिंतीवर चौकटीत लावलेल्या बावीस प्रतिज्ञांच्या कागदाकडे बोट दाखवायचे. "गोदे, वाचता येत न्हाई तर ऐकून तरी घे. भूत न्हाई, चकवा न्हाई, काई न्हाई. इतकी वर्सं ह्या रानात फिरायलोय, मला कावून भेटलं न्हाई एखादं?" आत्या भाकरी थापता थापता मान वर न करता म्हणायची, "तुला कोण भेटंल दादा? खाकी कापडाला भूतबी भितंय." यावर माय तोंडाला पदर लावून हसायची आणि आबा ताट पुढे ओढायचे.

आबांचा नियम उलटा होता. माणसानं हाक एकदाच मारावी आणि ऐकणाऱ्यानं पहिल्याच हाकेला ओ द्यावी. दोनदा नाव घ्यायला लागलं की त्यांचा पारा चढायचा. "सुजे!" अशी एक हाक अंगणातून यायची आणि मी हातातलं टाकून "ओ आबा!" म्हणत धावायची. माझं नाव सुजाता, ते त्यांनीच हौसेनं ठेवलेलं, पण पुरतं नाव फक्त शाळेच्या दाखल्यावर होतं. मी दोघांचीही लाडकी होते, म्हणून मी दोघांचेही नियम पाळायची. घरात आबांचा, रानात आत्याचा. पोरवयात मला हे फार शहाणपणाचं वाटायचं. याच शहाणपणानं मी काय करून बसले ते आज लिहायचं आहे. आत्या सोडून हे कुणालाही माहीत नव्हतं, आणि आत्या गेली. आबांना माहीत होतं की नव्हतं, या एका प्रश्नानं मला उभा जन्म झोपेतून उठवलं आहे.

आमचं गाव चौसाळ्यापासून आत, डोंगराच्या घडीत. पाऊस सरला की दोन महिने त्या डोंगराला जे रूप यायचं ते बघून परका माणूस म्हणाला नसता की याच मुलखात उन्हाळ्यात हंड्याहंड्यानं पाणी मोजतात. आश्विनात घरभर सीताफळांचा वास असायचा. आत्या डोळे उघडलेली फळं गव्हाच्या कणगीत पुरून ठेवायची आणि आम्ही भावंडं रोज हात घालून चाचपायचो. पहाटे मोर ओरडायचे. घराच्या मागच्या अंगाला, अर्ध्या कोसावर घुमरा होता. घुमरा म्हणजे धबधबा. कड्यावरून पाणी खालच्या डोहात पडायचं आणि सगळा दरा घुमायचा, म्हणून घुमरा. वारा आमच्याकडे वळला की जात्याची घरघर यावी तसा तो आवाज अंगणापर्यंत यायचा. आत्या लगेच दार लोटून घ्यायची.

सुट्टीच्या दिवशी आबा मला बिटावर घेऊन जायचे. बीट म्हणजे त्यांच्या राखणीचा जंगलाचा तुकडा. वाट आधी तळ्याच्या बांधावरून जायची. हे तळं दुष्काळी कामातलं. त्याच्या बांधावर आत्यानं स्वतः मातीच्या पाट्या टाकलेल्या, त्यामुळे ती बांधावर पाय ठेवण्याआधी वाकून मातीला हात लावायची. आबा त्याला अंधश्रद्धा म्हणायचे नाहीत. तळं संपलं की सीताफळांचं रान, मग धावडा आणि पळस, मग कडा. कड्यापाशी वाट फुटायची. एक खाली डोहाकडे उतरायची आणि दुसरी कड्याच्या काठाकाठानं वळसा घेऊन परत तळ्यावर यायची. या वरच्या वाटेवर एक वळण होतं, तिथं सालईचं एक झाड दऱ्यावर झुकलेलं होतं, पांढुरक्या सालीचं. तिथून खाली बघितलं तर डोह दिसायचा नाही. झाडोऱ्याच्या फटींतून खाली नुसती काळी सावली. फक्त पाण्याचे तुषार वर येताना दिसायचे आणि गार वाफ तोंडावर यायची. आबांनी मला चालायला शिकवलं म्हणजे काय ते आता सांगून कळणार नाही. उतारावर पाऊल आडवं टाक. काठी डाव्या हातात घे, उजवा मोकळा ठेव. शेवाळ दिसलं तर त्यावर अजिबात भरवसा ठेवू नको, कितीही कोरडं दिसलं तरी. चालताना ते बोलायचे नाहीत, फक्त बोटानं दाखवायचे. तितराचं घरटं, सायाळीचा काटा, कुणी कुऱ्हाड चालवलेला ताजा बुंधा. त्यांची नजर अशी होती, की समोरच्या डोंगरावर बसलेली घोरपड त्यांना दिसायची आणि ती हलेपर्यंत मला दिसायची नाही.

त्या वर्षी मी चौदा वर्षांची होते. विजयादशमीला सकाळी आम्ही सगळे पांढरी कापडं घालून विहारात वंदनेला गेलो. माझा पांढरा परकर-पोलका मायनं नीळ घालून असा कडक केला होता की चालताना वाजायचा. घरी खिरीचं पातेलं चुलीवरून उतरवलेलं होतं. आबांनी वंदना झाल्यावर खाकी चढवली, कारण सणाच्या दिवशी गार्ड घरी असतो हे लाकूडतोड्यांना चांगलं माहीत असायचं. "चल सुजे, पाय मोकळे करून येऊ. गोदे, तू बी चल." मायनं धपाटे आणि ठेचा बांधून दिला. तळ्यावर बसून आम्ही खाल्लं. आत्या पुढे येईना. दऱ्यात तिला जायचंच नव्हतं. "तुमी या जाऊन. मी हितं सीताफळं बघते," म्हणाली, आणि माझ्याकडे बघून आबांच्या नकळत तीन बोटं वर केली. म्हणजे तीन हाका. मी हसून मान हलवली.

कड्यापाशी पोचलो आणि आबा थबकले. खालून कुऱ्हाडीचा आवाज येत होता. पाण्याच्या घुमण्यातून ठक, मग थोड्या वेळानं ठक. आबांच्या कपाळाची शीर फुगली. "तू वरच्या वाटेनं तळ्यावर जा आत्याकडं. मी ह्यांच्याकडं बघून येतो." मला वाटलं होतं मलाही नेतील. मी रुसून वरच्या वाटेला लागले. वळणापर्यंत आले असेन, सालईच्या बुंध्याला हात लावला असेन, तेवढ्यात खालून हाक आली.

"सुजाता!"

एकच. सुजे नाही, सुजाता. आवाज आबांचा होता आणि नव्हताही. पाण्यात भिजून जड झालेला, कड्याला आपटून वर आलेला. आबा मला सुजाता कधी म्हणत नसत. मी जागच्या जागी उभी राहिले, दऱ्याकडे तोंड करून, आणि आत्यानं सांगितल्याप्रमाणे ओठ मिटून घेतले. मनात म्हणाले, आता दुसरी येईल. कुऱ्हाड थांबली होती. पाणी घुमत होतं. मी दुसरीची वाट बघितली, तिसरीची बघितली. किती वेळ, ते सांगता येणार नाही. शाळेत शंभरपर्यंत म्हणायला लागतो तेवढा असेल, जास्तच असेल. दुसरी हाक आली नाही. मग जे समजायचं ते मी समजले आणि परकर दोन्ही हातांनी वर धरून तळ्यापर्यंत पळत सुटले.

आत्यानं माझं तोंड बघूनच ओळखलं. "हाक आली?" मी मान हलवली. "किती?" मी एक बोट दाखवलं. "ओ दिलीस का?" "न्हाई." तिनं मला जवळ ओढलं, माझ्या तोंडावरून हात उतरवून कानशिलावर बोटं मोडली आणि म्हणाली, "लई गुणाची गं माझी बाय. वाचलीस." मग माझा हात धरून ती मला घरी घेऊन आली. मायनं विचारलं, "हे कुठं हायत?" आत्या म्हणाली, "लाकूडतोड्यांच्या मागं गेलेत. येतेल." गार्डाची बायको एवढ्या-तेवढ्याला घाबरत नसते. तिनं मला वाटीभर खीर दिली. मी ती खाल्ली. वेलदोडा जास्त झाला होता, तरी चाटून पुसून खाल्ली. दुपारभर भावाशी गजगे खेळले. मधून एखाद्या वेळी मनात यायचं, की आवाज आबांचाच होता. मग आत्याकडे बघायची. ती सीताफळं कणगीत पुरत होती, एकेक निवडून, नेहमीपेक्षा हळू.

दिवस मावळताना बाहेर गलका झाला. घुमऱ्यावर मेंढ्या पाण्यावर नेणाऱ्या धनगरानं आबांना बघितलं होतं. चौघांनी घोंगडीच्या झोळीत घालून आणलं. "धर बे नीट, साहेबाचा पाय लोंबायलाय," असं कुणीतरी ओरडत होतं. आबांची खाकी काळी पडली होती पाण्यानं, ओठ निळे, आणि उजवी मांडी जिथं वाकायला नको तिथं वाकलेली. घाईत उतरताना शेवाळावरून पाय गेला होता, आणि लाकूडतोडे खाकी बघूनच पळाले होते. कमरेपर्यंत गार पाण्यात ते दुपारपासून पडून होते. मी दारात उभी होते. आत्या चुलीपाशी होती. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. त्या नजरेबद्दल आम्ही पुढे कधी एक शब्द बोललो नाही, पण मी आत्याचं तोंड म्हातारं होताना त्या एका क्षणात बघितलं.

जिल्ह्याच्या गावी दवाखान्यात आबा दोन महिने होते. चौथ्या की पाचव्या दिवशी त्यांना नीट बोलता यायला लागलं तेव्हा माय रडत रडत म्हणाली, "अवो, येखादी हाक तरी मारायची! पोरगी वरच्याच वाटेला होती की." मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते. आबा छताकडे बघत होते. म्हणाले, "घुमऱ्याच्या आवाजात कोणाला काय ऐकू जातंय." बस्स, एवढंच. मला जे वाटलं ते लपवत नाही. मला हलकं वाटलं. त्यांना माहीत नाही, मी सुटले, असं वाटलं. बाप मोडून पडलेला असताना मी मनात सुटकेचा श्वास घेतला, आणि त्याची लाज पुढे इतकी पुरली की तेवढी कशाचीच पुरली नाही.

पाय जुळला, पण तीन बोटं आखूड. बीट गेलं. खात्यानं त्यांना रोपवाटिकेत बसवलं, पिशव्यांत माती भरायला आणि रोपं मोजायला. ज्या माणसाला बसून जेवायचाही कंटाळा यायचा तो दिवसभर पाटावर बसू लागला. आत्या रोज संध्याकाळी त्यांच्या मांडीला तेल लावायची. तीन हाकांचं नाव तिनं पुन्हा कधीच काढलं नाही. आणि इथंच ती गोष्ट सुरू झाली, जिचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. आबा मला तीनदा हाक मारायला लागले. "सुजे." मध्ये थांबून, "सुजे." पुन्हा थांबून, "सुजे." मी पहिल्याच हाकेला धावत यायची, समोर येऊन उभी राहायची, "काय आबा?" म्हणायची, तरी ते उरलेल्या हाका पुऱ्या करायचे. भावाला एकच, मायला एकच, मला तीन. विहारात लोक चेष्टा करायचे. "गारडसाहेब, तुमी बी गोदाबाईच्या पार्टीत का?" आबा म्हणायचे, "सवय लागली." मला वाटायचं, त्या दिवशी दऱ्यात त्यांच्या मनाला काहीतरी झालं, भिंतीवरचा कागद आतून फाटला. आत्या मात्र त्या हाका सुरू झाल्या की उठून परसात जायची.

मी रविवारी रानात जाऊन यावं आणि त्यांना सांगावं, अशी त्यांची एकच मागणी असायची. मी जायची, पण तळ्याच्या पुढे पाऊल पडायचं नाही. बांधावर तास-दीड तास बसून परत यायची आणि खोटं सांगायची. धावडा लाल झालाय आबा. पळसाला कळ्या धरल्यात. घुमरा बारीक झालाय. ते डोळे मिटून ऐकायचे. शेवटी दर वेळी एकच विचारायचे, "वळणावरची सालई हाय का?" मी म्हणायची, "हाय आबा. हाय तशीच." पुढे शिकले, दिंद्रुडला मास्तरीण झाले, लग्न झालं, पत्रात आणि नंतर फोनवरही हे खोटं सुरूच राहिलं. शेजारच्या घरातून फोनवर आधी तीन हाका यायच्या, मग सालईची चौकशी. आबा गेले त्या सकाळी मी शाळेत होते. भाऊ म्हणाला, शेवटी तुझं नाव घेत होते. किती वेळा, ते विचारायची मला हिंमत झाली नाही. आजही घरात नळ जोरात सोडलेला मला चालत नाही. पडत्या पाण्याच्या आवाजात मला कुणीतरी एकदाच हाक मारतं. सुना म्हणतात, आईंना पाण्याची फार काळजी.

या वर्षी पावसाळा सरता सरता माझी नात तनू पुण्याहून आली. ती आणि तिचे मित्र दर शनिवार-रविवारी कुठला ना कुठला डोंगर चढतात. "आजी, तुझ्या गावचा घुमरा सगळीकडे फिरतोय," म्हणून तिनं फोन माझ्या नाकासमोर धरला. चार जणी धबधब्याखाली नाचत होत्या. मी नाही म्हणाले, माझे गुडघे पुढे केले, साखर पुढे केली. पोरगी ऐकेना. "तू फक्त तळ्यापर्यंत चल," म्हणाली. तळ्यापर्यंत मी जन्मभर गेलेच होते.

बांधावर वाकून मातीला हात लावला आणि मग काय झालं कोण जाणे, मी थांबलेच नाही. सीताफळांचं रान आता अर्धंच उरलंय. कड्यापाशी चहा-मक्याची टपरी आहे, डोहाकडे उतरायला पायऱ्या खोदून लोखंडी कठडा लावलाय. तनू म्हणाली, "मी वरच्या वाटेवरून फोटो काढून मागनं येते, तू सावकाश उतर." मी पाऊल आडवं टाकत, कठडा धरून खाली गेले. ज्या डोहाजवळ मी कधी आले नव्हते, तिथं एका मोठ्या दगडावर बसले. धनगरानं आबांना जिथं बघितलं ती जागा हीच असणार, कारण डोहाच्या या एकाच अंगाला कमरेएवढं पाणी आहे. पाणी घुमत होतं. गार तुषार अंगावर येत होते. मी सहज वर बघितलं.

वळण समोर होतं. वरून सावलीतला डोह दिसत नाही, पण त्या सावलीतून उजेडातलं वळण दिसतं, सगळं दिसतं. आभाळाच्या पुढ्यात ती जागा उघडी आहे. सालई आता नाही. कधी गेली देव जाणे, आणि मी देव मानत नाही. तिच्या जागी तनू उभी होती, पांढऱ्या बनियनसारख्या त्या सदऱ्यात. माझ्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली आहेत, तरी मला तिच्या हातातला फोन दिसला. वाऱ्यानं उडणारे केस दिसले. तिनं दऱ्याकडे तोंड केलेलं दिसलं.

म्हणजे आबांनी बघितलं होतं. घोरपड बघणाऱ्या त्या डोळ्यांनी, नीळ घातलेला पांढरा परकर सालईला हात लावून उभा राहिलेला बघितला होता. पाण्याच्या आवाजावर पोचावी म्हणून पुरत्या नावानं मारलेली हाक ऐकून पोरगी थांबली, आपल्याकडे तोंड करून उभी राहिली, म्हणजे आता ओ देईल, आता येईल. ऐकलेल्या माणसाला दुसरी हाक कशाला मारायची? मी वर त्यांच्या हाकेची वाट बघत उभी होते आणि ते खाली माझ्या ओ-ची. मग त्यांनी मला परकर उचलून पळताना बघितलं. पोर का पळाली ते त्यांना तिथंच, त्या पाण्यातच कळलं असणार. तरी मायला म्हणाले, कोणाला काय ऐकू जातंय. सालई हाय का, असं विचारत राहिले, म्हणजे मी कधीतरी स्वतःहून सांगेन. आणि मला ओ देता यावी म्हणून, ज्या गोष्टीवर त्यांचा तसूभर विश्वास नव्हता ती जन्मभर केली, गावाची चेष्टा सोसून. तीन हाका. एकही कमी नाही.

मी त्या दगडावर बसून रडले. इतक्या वर्षांनी, भर दुपारी, चार तरुण पोरं पलीकडे पाणी उडवत असताना. मग मी म्हणाले, "ओ आबा." मोठ्यानं नाही, अंगणातून म्हणायची तसंच. घुमऱ्याच्या आवाजात ती ओ मला स्वतःलाही ऐकू गेली नाही.

वळणावर तनूनं फोन खाली केला. तिला माझे ओठ हललेले दिसले असावेत.

"आले आजी!" ती वरून ओरडली, आणि वाटेनं मागे वळून दोन-दोन पायऱ्या गाळत धावत खाली यायला लागली. मी तर तिला हाकही मारली नव्हती.